व्हिक्टोरियन पुस्तकांतली चित्रं आणि मजकूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी साहित्य शिकणारे विद्यार्थी, आणि निवृत्तीनंतर डिकन्स निवांत वाचायला घेतलेले काही वाचकही, एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र पुस्तकांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळ्या प्रश्नांत सारखा जीव नाही.

यात अभ्यासण्यासारखं काय आहे? चित्रं म्हणजे सजावटच ना?

हा समज स्वस्त पेपरबॅक आवृत्त्यांनी रुजवला. मी एम.ए.ला असताना 'व्हॅनिटी फेअर' वाचली त्या प्रतीत एकही चित्र नव्हतं, आणि काही राहून गेलंय असं वाटलंही नाही. थॅकरेने त्या कादंबरीची चित्रं स्वतः काढली होती, आणि १८४७-४८ मध्ये ती मासिक हप्त्यांत येत होती तेव्हा तिचं उपशीर्षकच 'इंग्रजी समाजाची लेखणी आणि पेन्सिलीने केलेली रेखाटनं' अशा अर्थाचं होतं, हे पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे पेन्सिलीचा भाग न बघताच मी पेपर लिहून आले होते.

पण आधी कादंबरी लिहून व्हायची आणि मग चित्रं काढली जायची, असंच ना?

सगळ्यात गाजलेल्या उदाहरणात, 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत, नेमकं उलटं घडलं. १८३६ मध्ये रॉबर्ट सीमूर या नावाजलेल्या चित्रकाराच्या डोक्यात एक कल्पना होती: शिकारीला, मासेमारीला निघणारी आणि दर वेळी फजिती करून घेणारी शहरी मंडळी. चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांना त्या चित्रांना जोडून मजकूर लिहून देणारा कुणीतरी हवा होता. त्यांनी चोवीस वर्षांच्या एका वार्ताहराला गाठलं. तो म्हणजे चार्ल्स डिकन्स. त्याने कामाला होकार दिला, पण गोष्ट माझ्या मनाप्रमाणे जाईल आणि चित्रं तिच्यामागून येतील, असा हट्ट धरला. दुसरा हप्ता निघायच्या आतच, एप्रिलमध्ये, सीमूरने आत्महत्या केली. त्यानंतर हप्त्यातली चित्रं चारावरून दोनावर आली आणि मजकुराची पानं चोवीसवरून बत्तीस झाली. या आकड्यांत सत्तांतर दिसतं.

सीमूरच्या जागी आधी आर. डब्ल्यू. बस आला. त्याची चित्रं जमली नाहीत. जागा रिकामी आहे म्हटल्यावर स्वतः थॅकरेही आपली रेखाटनं घेऊन डिकन्सकडे गेला होता. त्याला नकार मिळाला आणि काम गेलं विशीतल्या हॅब्लॉट नाइट ब्राउनकडे. डिकन्स तेव्हा 'बोझ' नावाने लिहायचा, त्याला जुळेल म्हणून ब्राउनने 'फिझ' हे नाव घेतलं. चौथ्या हप्त्यात सॅम वेलर हे पात्र आलं, फिझने त्याला बूट पुसताना काढलं आणि 'पिकविक पेपर्स' धावायला लागलं. 'पिकविक' धरून डिकन्सच्या दहा कादंबऱ्यांना फिझची चित्रं आहेत.

वाचकाला आधी काय दिसायचं, चित्र की मजकूर?

माझ्या मते या अभ्यासातला हाच पहिला प्रश्न आहे, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत. 'हे चित्र मजकुराशी जुळतं का?' इथून सुरुवात केली की दोन परिच्छेदांत गाडी अडते. 'हे चित्र वाचकाला कुठे आणि केव्हा दिसलं?' असं विचारलं की गाडी चालते.

डिकन्सचा मासिक हप्ता म्हणजे एक शिलिंगाची, रंगीत कागदाच्या वेष्टणातली चोपडी. वेष्टणावर चित्र, आत जाहिराती, मग दोन चित्रं आणि त्यानंतर बत्तीस पानं मजकूर. ही चित्रं पोलादी पत्र्यावर तेजाबाने कोरून वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कागदावर छापलेली असायची. ती मजकुराच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या जुळणीत, बसतच नसत, म्हणून चोपडीच्या तोंडाशी शिवून टाकत. त्यामुळे महिनाभर वाट पाहिलेल्या वाचकाला पुढे काय होणार याची पहिली बातमी चित्रातून मिळायची. कादंबरी पुरी झाल्यावर पुस्तक बांधताना हीच चित्रं त्या त्या प्रसंगासमोर लावली जायची. चित्र तेच, पण आधी ते भाकीत होतं आणि आता दाखला झालं.

'ब्लीक हाउस' (१८५२-५३) मधलं एक चित्र घेऊ. त्याचं नाव 'रोमनाच्या बोटाला नवा अर्थ' असं काहीसं. टल्किंगहॉर्न या वकिलाच्या दालनाच्या छतावर एका रोमन माणसाचं चित्र रंगवलेलं आहे. तो खाली बोट दाखवतो, आणि ते बोट कशाकडे आहे याला काहीच अर्थ नाही, अशी थट्टा डिकन्स कादंबरीभर करत आला आहे. फिझच्या चित्रात दालन अंधारलेलं आहे. टेबलावर बाटली, पेला, विझलेल्या मेणबत्त्या, एक रिकामी खुर्ची, आणि वरून खाली रोखलेलं ते बोट. माणूस एकही नाही, प्रेतही नाही. हप्ता उघडणाऱ्या वाचकाने हे आधी पाहिलं. वकिलाचा खून झालाय हे त्याला अजून ठाऊक नाही, पण खुर्ची रिकामी आहे आणि बोटाला अर्थ आलाय एवढं समजलं. मग मजकूर वाचताना टल्किंगहॉर्न घराच्या दिशेने एकेक पाऊल टाकतो तेव्हा वाचक लेखकाच्या दोन पावलं पुढे असतो. आज आपण आवृत्तीत हे चित्र प्रकरणाच्या मध्यात बघतो आणि 'प्रसंगाला साजेसं' म्हणून पान उलटतो.

या कादंबरीतली अशी दहा चित्रं काळोखी आहेत. पत्र्यावर आधी यंत्राने जवळजवळ रेघा ओढून एक करडा थर तयार करायचा आणि त्यावर कमी-जास्त काळोख चढवायचा, ही त्याची रीत. धुक्याने सुरू होणाऱ्या कादंबरीला काळोख मिळाला तो छपाईच्या युक्तीतून.

म्हणजे छपाईचं तंत्र समजून घ्यावंच लागेल?

कामापुरतं, हो. पोलादी पत्र्यावर खोलगट रेघेत शाई भरतात. लाकडी ठोकळ्यावर उलट: जे छापायचं ते उठावाचं ठेवायचं, बाकी कोरून काढायचं. छापखान्यातल्या खिळ्यांनाही, म्हणजे अक्षरांच्या धातूच्या ठशांनाही, उठावच असतो, त्यामुळे लाकडी ब्लॉक खिळ्यांच्या शेजारी त्याच फर्म्यात बसतो आणि चित्र ओळींच्या मधे येऊ शकतं. १८४०-४१ च्या 'ओल्ड क्युरिऑसिटी शॉप'मध्ये डिकन्सने हेच केलं, म्हणून तिथे चित्र वाक्याला खेटून उभं असतं.

लाकूड वापरायचे बॉक्सवूडचं, खोडाच्या आडव्या कापावर. या झाडाचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी ठोकळे जोडावे लागत. चित्रकार ठोकळ्यावर रेखाटायचा आणि कोरणारा ते रेखाटन कोरता कोरता नष्ट करायचा. मूळ शिल्लकच राहत नसे. म्हणून १८६० च्या दशकातल्या चित्रांच्या कोपऱ्यात दोन सह्या दिसतात, चित्रकाराची आणि कोरणाऱ्याची, बरेचदा लंडनच्या डाल्झिएल बंधूंची. दांते गॅब्रिएल रोझेटी या बंधूंवर इतका वैतागला होता की 'लाकूडतोड्या, त्या ठोकळ्यावर दया कर' अशा धर्तीची एक विडंबन कविता त्याने केली. चित्रातल्या चेहऱ्याच्या भावावर पानभर लिहिण्याआधी तो भाव कुणाच्या हातचा, याचा विचार करा.

चित्र मजकुराच्या विरुद्ध बोलू शकतं का?

बोलतं, आणि कधी कधी लेखकच ते मुद्दाम करतो. 'व्हॅनिटी फेअर'च्या शेवटी लठ्ठ, घाबरट जॉस सेडली कादंबरीची धूर्त नायिका बेकी शार्प हिच्या तावडीत सापडलेला आहे. मित्र डॉबिन भेटायला येतो तेव्हा तो रडकुंडीला येऊन सांगतो की आपण भेटलो हे तिला कळू देऊ नकोस. तीन महिन्यांनी जॉस मरतो. विम्याचे पैसे निम्मे बेकीला. मजकूर इथे थांबतो. तिने मारलं असं थॅकरे कुठेही म्हणत नाही.

चित्रात मात्र जॉस हात जोडतोय आणि पडद्याआड बेकी उभी आहे. चित्राचं नाव: 'क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेत बेकीचा दुसरा प्रवेश'. क्लायटेम्नेस्ट्रा म्हणजे ग्रीक पुराणकथेतली नवऱ्याचा खून करणारी राणी. पहिला प्रवेश आधीच होऊन गेलाय: एका सरदाराच्या घरच्या नाट्यखेळात बेकीने हीच भूमिका केली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हा ते नाटक होतं, आता काय आहे? लेखणी कानावर हात ठेवते, पेन्सिल बोट दाखवते. त्यात आणखी गंमत म्हणजे बेकीच्या वकिलांची नावं बर्क, थर्टेल आणि हेज. तिन्ही नावं त्या काळच्या वाचकाला ऐकून माहीत असलेल्या खुनी मंडळींची.

आता विचार करा, चित्र नसलेल्या प्रतीत बेकी निर्दोष सुटण्याची शक्यता किती वाढते. 'मजकुरात पुरावा कुठे आहे?' असं विचारणाऱ्या मार्गदर्शकांना हे चित्र जरूर दाखवा. मजकूर कशाला म्हणायचं, इथपासूनच मग वाद सुरू होतो.

लेखक आणि चित्रकार यांचं आपसात पटायचं का?

फारसं नाही, आणि अभ्यासकाला ते फायद्याचं आहे, कारण भांडणाची पत्रं मागे उरतात.

जॉर्ज क्रुकशँकने 'ऑलिव्हर ट्विस्ट'साठी शेवटचं चित्र काढलं त्यात शेकोटीपाशी बसलेलं सुखी कुटुंब होतं. डिकन्सला ते मुळीच रुचलं नाही. १८३८ मध्ये तीन खंडांचं पुस्तक बाजारात जात असतानाच त्याने ते बदलायला लावलं. नव्या चित्रात ऑलिव्हर आणि रोझ चर्चमध्ये ऑलिव्हरच्या आईच्या स्मृतिशिलेसमोर उभे आहेत. दोन्ही चित्रं समोरासमोर ठेवली की कादंबरीचा शेवट कुठे आहे यावरच दोघांचं एकमत नव्हतं, हे दिसतं. क्रुकशँकने तर डिकन्स गेल्यावर ही गोष्ट मुळात माझीच, असा दावा करून पुस्तिका काढली. ती संपूर्ण खरी मानायचं कारण नाही. पण फाशीच्या कोठडीत बोटं चावत बसलेला फॅगिन, पोरांच्या चोरटोळीचा म्होरक्या, डोळ्यांपुढे आणा. ती प्रतिमा कुणाची?

जॉर्ज एलियटचं वागणं सभ्य होतं. तिच्या 'रोमोला'ची चित्रं फ्रेडरिक लेटनने काढली. काही बाबतीत मन खट्टू झाल्यावर तिने त्याला लिहिलं की चित्रं ही मजकुराची एक प्रकारे नांदीच असू शकतात, त्याहून जास्त नाही. अँथनी ट्रोलपचा किस्सा मला जास्त आवडतो. 'फ्रॅमली पार्सनेज'मध्ये ल्यूसी पलंगावर कोसळून रडते. जॉन एव्हरेट मिलेने त्या चित्रात तिचा झालरींचा अवाढव्य घागराच एवढा काढला की ल्यूसी त्यात बुडाली. ट्रोलपने प्रकाशकाकडे चिडून तक्रार केली. काही दिवसांनी अगदी तसाच पोशाख त्याला प्रत्यक्षात कुणाच्या तरी अंगावर दिसला आणि राग निवळला. पुढे आत्मचरित्रात त्याने मिलेचं मनापासून कौतुक केलं: तीच पात्रं पुढच्या कादंबऱ्यांत नेताना मिलेने काढलेले चेहरे आपल्या मनासमोर असायचे, असं तो सांगतो.

'अ‍ॅलिस'ची चित्रं एवढी महत्त्वाची का मानतात?

कारण तिथे मजकूरच वाचकाला चित्राकडे पिटाळतो. ग्रिफन म्हणजे काय माहीत नसेल तर चित्र बघा, असं लुइस कॅरल कंसात लिहून मोकळा होतो आणि वर्णनाची कटकट टाळतो. जॉन टेनिअलची ४२ चित्रं पहिल्या पुस्तकात आहेत. १८६५ ची दोन हजारांची पहिली छपाई टेनिअलला पसंत पडली नाही, म्हणून कॅरलने ती मागे घेतली. चित्रकाराच्या शब्दाला केवढं वजन होतं बघा.

दुसऱ्या पुस्तकात, आरशापलीकडच्या गोष्टीत, सगळ्यात हुशार जागा आहे. अ‍ॅलिस आरशात शिरताना एका पानावर दिसते आणि पलीकडे उतरताना त्याच कागदाच्या मागच्या पानावर. कागदच आरसा होतो आणि वाचक पान उलटून तिच्यासोबत पलीकडे जातो. ही युक्ती ई-पुस्तकात मेली. याच पुस्तकातला केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचा प्रसंग टेनिअलने 'हे चित्रकलेच्या आवाक्याबाहेरचं आहे' म्हणून नाकारला आणि कॅरलने तो मजकूरच काढून टाकला.

शेरलॉक होम्सची टोपी कथांत नाही म्हणतात, खरं का?

दोन कानपट्ट्यांची ती टोपी नावानिशी कॉनन डॉइलने कुठेच लिहिलेली नाही. एका कथेत अंगाबरोबर बसणारी कापडी टोपी आहे, दुसरीत कान झाकणारी प्रवासी टोपी. 'स्ट्रँड' मासिकात १८९१ पासून चित्रं काढणाऱ्या सिडनी पॅजेटने तिला आजचं रूप दिलं. वाकडा पाइप त्याचाही नाही, तो विल्यम जिलेट या नटाने रंगभूमीवरून आणला.

कवितांच्या पुस्तकांतही हेच नियम लागू होतात?

कवितेत भांडण आणखी उघडं असतं. १८५७ मध्ये एडवर्ड मॉक्सनने टेनिसनच्या कवितांची सचित्र आवृत्ती काढली. होल्मन हंटने 'लेडी ऑफ शॅलट'चे केस वादळात सापडल्यासारखे उधळलेले काढले. मी असं कुठे लिहिलंय, असं टेनिसनने विचारल्याची आठवण हंटने लिहून ठेवली आहे. कवितेत शाप कोसळतो तेव्हा आरसा तडकतो, विणकाम उडून जातं. केसांबद्दल अक्षर नाही. हंटला शाप एका चित्रात पकडायचा होता, त्याने तो केसांत पकडला. याला मी चूक म्हणणार नाही, टीका म्हणेन.

क्रिस्टिना रोझेटीच्या 'गॉब्लिन मार्केट'ला १८६२ मध्ये भावाने, म्हणजे दांते गॅब्रिएलने, चित्रं दिली आणि १८९३ मध्ये लॉरेन्स हाउसमनने. कविता तीच, तीस वर्षांनी बाजार वेगळा. तुलनेसाठी सुरेख जोडी आहे.

'एडविन ड्रूड' अपुरी राहिली. चित्रांवरून तिचा शेवट शोधता येतो का?

लोक दीडशे वर्षं तेच करत आहेत. डिकन्स ९ जून १८७० रोजी गेला तेव्हा बारापैकी सहाच हप्त्यांचा मजकूर हाती होता. पण वेष्टणाचं चित्र संपूर्ण कादंबरीचं होतं. डिकन्सचा जावई चार्ल्स कॉलिन्सने आखलेल्या त्या वेष्टणावर खालच्या बाजूला एक माणूस कंदील घेऊन अंधारात शिरतो आणि समोर कुणीतरी उभं असतं. तो ड्रूड का? जिवंत की भास? आतली चित्रं काढणाऱ्या ल्यूक फाइल्ड्झने १९०५ मध्ये जाहीर सांगितलं की ड्रूडचा काका जॅस्पर याच्या गळ्याला दुहेरी वेढा देणारा लांब रुमाल हवा, त्यानेच तो ड्रूडचा गळा आवळणार आहे, हे डिकन्सने आपल्याला गुपित म्हणून सांगितलं होतं. कादंबरीचा शेवट चित्रकाराला ठाऊक, वाचकाला नाही.

एकाच कादंबरीला वेगवेगळ्या चित्रकारांची चित्रं असतील तर खरी कोणती?

'खरी' हा शब्द सोडा, 'कुणाच्या हातातली' असं विचारा. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' इंग्लंडमध्ये १८६०-६१ ला डिकन्सच्या साप्ताहिकात चित्रांविना आली. त्याच वेळी अमेरिकेतल्या 'हार्पर्स वीकली'त जॉन मॅक्लेननच्या चित्रांसह छापली जात होती. मार्कस स्टोनची चित्रं १८६२ ची. लंडनच्या वाचकाने मिस हॅविशॅमला फक्त शब्दांत पाहिलं, न्यूयॉर्कच्या वाचकाला ती चित्रात भेटली.

या सगळ्याचा आपल्याकडे काही धागा पोचतो का?

ओढूनताणून जोडायची गरज नाही, एक धागा मुंबईतच आहे. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये जे. जे. कला महाविद्यालयात शिकवायला आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात रडयार्डचा जन्म मुंबईत झाला. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पं लॉकवुडची आहेत. मिरची-मसाला आणायला गेलात तर मान वर करून बघा. पुढे तो लाहोरला गेला. १८९४ च्या 'जंगल बुक'मधली काही चित्रं त्याची आहेत आणि १९०१ च्या 'किम'साठी तर त्याने मातीची उठावशिल्पं घडवून त्यांचे फोटो छापले. मुलाचा मजकूर आणि बापाचं शिल्प, दोघांचा हिंदुस्थान एकच आहे का, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याने घ्यावा असं मला फार वाटतं.

मला चित्रकलेतलं काही कळत नाही. चालेल?

चालेल. भिंतीवर काय टांगलंय, कोण कुणाकडे बघतंय, दार उघडं आहे की बंद, एवढं न कंटाळता टिपा. फिझ भिंतीवरच्या तसबिरींतून बरंच बोलतो.

मूळ प्रती कुठे बघायच्या?

इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्टवर जुन्या प्रतींची पानं जशीच्या तशी आहेत. 'व्हिक्टोरियन वेब'वर चित्रांसोबत टिपणं मिळतात. कार्डिफ विद्यापीठाच्या संग्रहात १८६० च्या आसपासची लाकडी कोरीव चित्रं विषयवार शोधता येतात. प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून निव्वळ मजकुराची फाइल उतरवू नका, तिथे चित्रं गळतात. मुंबईत असाल तर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी पुस्तकं आहेत. एक सावधगिरी: बांधलेल्या खंडांत वेष्टणं आणि जाहिराती बहुधा काढून टाकलेल्या असतात. आणि पडद्यावर चित्राचा आकार कळत नाही, म्हणून मोजमाप नोंदवलेलं असेल तर ते आधी लिहून घ्या.

प्रबंधासाठी विषय केवढा घ्यावा?

लहान. 'डिकन्स आणि त्याचे चित्रकार' यावर जाडजूड पुस्तकं कधीच होऊन गेली. त्यापेक्षा एका कादंबरीचे तीन हप्ते घ्या. किंवा 'व्हॅनिटी फेअर'ची सचित्र आद्याक्षरं घ्या. थॅकरेच्या प्रकरणांच्या पहिल्या अक्षराला लटकून कुणी विदूषक बसलेला असतो, कुणी मूल खेळत असतं. ते चित्रही असतं आणि वाक्याचं पहिलं अक्षरही. प्रबंधात ते वाक्य उद्धृत करताना आपण साधं अक्षर टाइप करतो आणि विदूषक पानावरून खाली पडतो. त्याला उद्धृत कसं करायचं, याचा नियम कुठल्याच शैलीपुस्तिकेत मला अजून सापडलेला नाही; तुमच्या मार्गदर्शकांना विचारून बघा.